त्यांचा काही नेम नाही

"काकांचा काय नेम नाय हां," असं मला पहिल्यांदा सांगितलं ते बिल्डिंगच्या वॉचमननं. मी जोगेश्वरी पूर्वेला त्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायला आलो होतो. एका हातात सुटकेस, काखेत गादीची वळकटी. काकांनी दार उघडलं आणि विचारलं, "डाव्या डोळ्यानं बघतोस की उजव्या?" मी म्हटलं, दोन्ही. "म्हणजे तुला माहीत नाही," असं म्हणून त्यांनी मला तिथेच दारात उभं केलं, हात लांब करून अंगठा समोरच्या बल्बवर धरायला लावला, आळीपाळीनं एकेक डोळा मिटायला लावला, आणि माझा उजवा डोळा मालक आणि डावा भाडेकरू असा निकाल दिल्यावरच सुटकेस आत घेतली. भाडं, पाण्याची वेळ, किल्ली, याबद्दल चकार शब्द नाही. ते सगळं मागून काकूंनी सांगितलं.

गंमत अशी की ज्यांचा काही नेम नाही असं सगळी बिल्डिंग म्हणायची, ते काका जन्मभर दुसऱ्यांच्या नेमामागे लागले होते. लष्करात, पोलिसांत, रायफल क्लबात ज्याचा नेम चांगला त्याला एक बिल्ला मिळतो. एकमेकींवर फुली मारलेल्या दोन बंदुका, भोवती पानांची माळ, कुठे मधोमध गोल गोल रेघांचं लक्ष्य. काही कापडी, बाहीवर शिवायचे; काही पितळी; क्लबांचे असतात त्यांवर निळं-लाल मिनाकाम. असे जुने बिल्ले काका गोळा करत. माळ्यावर, पलंगाखाली, चपलांच्या स्टँडमध्ये, कुठेही हात घाला, बिल्ला.

स्वतः काकांनी आयुष्यात छर्ऱ्याची बंदूकसुद्धा हातात धरली नव्हती. अंधेरीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते आणि तिथूनच निवृत्त झाले. शिवाय आवाजाला भयंकर घाबरायचे. कुकर गॅसवर चढला की काका जिना उतरून खाली, आणि तीन शिट्ट्या झाल्याची खूण म्हणून काकूंनी खिडकीतून फडकं हलवलं की वर. दिवाळीत चार दिवस कानांत कापूस. त्या दिवसांत त्यांच्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलावं लागायचं.

आणि माझी नोकरी अंधेरीच्या एका स्टुडिओत, मालिकांना आवाज लावायची. दार वाजणं, पावलं, थप्पड, आणि आठवड्यातून एकदा तरी गोळी. हे कळल्यावर काका माझ्याकडे आदरानं आणि जरा लांबून बघायला लागले. एकदा म्हणाले, "तुमच्या मालिकेत गोळी मारायच्या आधी तो माणूस बोलत का असतो रे? बोलणाऱ्याचा नेम लागत नाही. अर्धा श्वास सोडायचा, उरलेला धरायचा, मग बोट." हे 'अर्धा श्वास सोड' त्यांचं सगळ्यावरचं औषध होतं. सुईत दोरा ओवायचा, हायवे ओलांडायचा, साहेबाकडे सुट्टी मागायची, अर्धा श्वास सोड. मी घरी आईशी फोनवर भांडत असलो की ते समोर येऊन उभे राहायचे आणि हातानंच छाती खाली जाते अशी खूण करायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि सुट्टीत गावी गेलो की त्यांच्यावाचून करमायचं नाही.

बिल्ल्यांचं हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते लग्नात. नवरदेवाला कोट हवा म्हणून त्यांच्या वडिलांनी कुठूनसा जुना बंद गळ्याचा कोट आणला. त्याच्या डाव्या बाहीवर फुली मारलेल्या दोन बंदुका शिवलेल्या. मुंबईच्या गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही, पण लग्न होतं मालवणकडे, काकूंच्या गावी, आणि तिथे सगळ्यांचं लक्ष गेलं. नवरा मिलिटरीत आहे हे मांडवात इतक्या वेगानं पसरलं की मंगलाष्टकं होईपर्यंत काकूंच्या वडिलांना पोरगी लढाईवरच्या माणसाला दिल्याचा अभिमान वाटून रडूही येऊन गेलं. काकांना हे कळलं दुसऱ्या दिवशी, मुंबईच्या बोटीत. त्यांनी कोट काढून तो बिल्ला पहिल्यांदा नीट बघितला आणि तेव्हापासून ते त्याचेच झाले.

काका मुंबईत वाढलेले, त्यांची भाषा आपल्यासारखीच. काकूंनी मात्र इतक्या वर्षांत मालवणी सोडली नव्हती आणि ती गोष्टही सोडली नव्हती. मी राहायला आलो त्या आठवड्यातच त्यांनी मला ती ऐकवली. "बापाशीन गोळयो मारणारो म्हणान चेडू दिल्यान, आणि निघालो गोदामात गोळयो मोजणारो." हसत सांगितलं, पण पुरतं हसत नव्हे. आपलं लग्न एका खोट्या बिल्ल्यानं झालं हे त्यांच्या मनात कुठेतरी रुतून बसलं होतं. म्हणून त्या घरात एक तह झालेला होता. बिल्ले गॅलरीत ठेवायचे, गॅलरीतच बघायचे आणि गॅलरीच्या उंबऱ्याच्या आत त्यांचं नाव काढायचं नाही. चपलांच्या स्टँडमध्ये किंवा पलंगाखाली सापडायचे ते घुसखोर, आणि काकू ते दोन बोटांच्या चिमटीत धरून, मेलेली पाल टाकावी तसे गॅलरीत टाकायच्या.

तर गॅलरीत, काकूंनी बाद केलेल्या जुन्या मिसळणाच्या डब्यात, सगळ्यात लाडके बिल्ले असत. मधल्या वाट्यांत मोहरी-जिऱ्याच्या जागी ते. काढले की हिंगाचा वास. त्यांची वर्गवारी सालाप्रमाणे नाही, देशाप्रमाणे नाही, स्वभावाप्रमाणे. रागीट एका वाटीत, घाबरट दुसऱ्या वाटीत. एक वाटी लग्न न झालेल्यांची. "कशावरून?" मी विचारलं. काकांनी एक बिल्ला उलटा केला. "ही पिन बघ. सरळ आहे. म्हणजे एकदा लावला तो लावला. आणि हा बघ, ह्याची वाकून वाकून पार वाट लागलीय. हा रोज संध्याकाळी काढून बायकोला दाखवायचा आणि सकाळी परत लावायचा." हे खरं की खोटं कोण जाणे. पण त्या गॅलरीत, समोरच्या बिल्डिंगच्या वाळत घातलेल्या चादरींच्या साक्षीनं, ते मला शंभर टक्के खरं वाटायचं.

नेम म्हटलं की त्यांना बंदूकच लागायची असं नाही. आमच्या गल्लीत मासे घेऊन येणारी कोळीण सुरमईच्या तुकड्या पाडायची, सगळ्या एका जाडीच्या. काका पिशवी घेऊन मासे घ्यायला जायचे ते तिचा कोयता बघायला. एकदा न राहवून तिला म्हणाले, "बाई, तुम्हाला बिल्ला द्यायला पाहिजे." ती म्हणाली, "बिल्ला नको, सुटं पैसं दे." हे ते स्वतःच घरी येऊन सांगत आणि पोट धरून हसत.

वर्तमानपत्रात ते आधी निधनाच्या बातम्या वाचत. मालाडला एक वृद्ध गृहस्थ वारले, जुने रायफल क्लबवाले, असं छापून आलं तर हे पांढरा सदरा घालून निघाले. ओळख ना देख. संध्याकाळी डोळे सुजवून परत. "अरे, काय माणूस होता," म्हणाले. कसा होता ते तिथे बसलेल्यांकडून ऐकून आले होते आणि ऐकता ऐकता खरोखरच रडले होते. "मग बिल्ल्याचं विचारलंत?" तर म्हणाले, "मेलेल्या घरात काय मागायचं रे? जीभ उचलेना." पुढे महिन्याभरानं त्या गृहस्थांच्या मुलीनं स्वतः शोधत येऊन बिल्ला आणून दिला. तिच्या वडिलांसाठी इतकं रडलेला हा माणूस कोण, याचा तिला छडा लावायचा होता.

एका बाबतीत मात्र ते कडक होते. बिल्ला घासायचा नाही. पितळ काळपट तपकिरी पडू द्यायचं. "तो काळेपणा म्हणजे त्याच्या अंगठ्याचा घाम आहे. घासलं की माणूस गेला." मी एकदा नकळत एका बिल्ल्यावरचा डाग शर्टाच्या बाहीनं पुसला, तर त्यांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. हे सगळं अर्थात गॅलरीत. आत काकूंच्या कानावर यातलं काहीच जात नसे. तह म्हणजे तह.

या सगळ्यात त्यांचा जीव होता तो एका पितळी बिल्ल्यात. जोगेश्वरीच्याच एका भंगारवाल्याकडे नळाच्या तोट्यांच्या ढिगात तो मिळाला होता. जुन्या पलटणीतला, पार काळवंडलेला. त्याच्या पाठीवर कुणीतरी खिळ्यानं बारीक अक्षरं कोरली होती, मोडीत. पूर्वी आपले लोक कागदपत्रं ज्या लिपीत लिहीत ती मोडी. कोरीव इतकं उथळ की सकाळचं ऊन तिरपं आलं तरच दिसायचं, तेही खाचांत मळ बसला होता म्हणून. काकांना मोडी येत नव्हती. पण ते नाव आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. "बिल्ल्यामागे माणूस दुसरं काय लिहील? लाखो शिपाई होते रे. कुणाचं नाव कुठे राहिलंय? ह्यानं आपलं स्वतः लिहून ठेवलं." रोज सकाळी ते तो बिल्ला उन्हात धरून बसत.

आणि मग त्यांना मुलुंडचे ते गृहस्थ सापडले. जुनी पदकं-बिल्ले यांतले जाणकार, मोडी वाचणारे. फोनवर ओळख झाली आणि दर रविवारी गॅलरीत दार लोटून तासतासभर गप्पा चालू झाल्या. काकांना त्या विषयात कुणी बरोबरीनं बोलणारं आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. फोन ठेवला की त्यांचा चेहरा दहावी पास झालेल्या मुलासारखा व्हायचा. मी त्या अक्षरांचे फोटो काढून पाठवून पाहिले, पण फोटोत नुसती चमक यायची. शेवटी मुलुंडचे गृहस्थ म्हणाले, दसरा झाला की मीच येतो, भिंग घेऊन, बसून वाचू.

घरी पाहुणे येणार म्हणजे काकूंना सांगणं भाग होतं. काकांनी जेवताना, उंबऱ्याच्या आत, पहिल्यांदा तो शब्द काढला. म्हणाले, "बिल्ले बघायला एक जण येणार आहेत. मोठे जाणकार आहेत." काकूंनी त्यांना नुसता भात वाढला. पण दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगताना मी त्यांना ऐकलं. "आमच्या ह्येंचे बिल्ले बघूक मुलुंडसून माणूस येता हा. मोठो इद्वान असा."

दसऱ्याच्या सकाळी काका आणि मी स्टेशनजवळ झेंडू आणि आपट्याची पानं आणायला गेलो. परत आलो तर हॉलमध्ये पाट मांडलेला. दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची. आमच्या घरी हत्यारं म्हणजे विळी, कोयती, कात्री, पाना आणि माझा लॅपटॉप. त्या सगळ्यांच्या मधोमध, केळीच्या पानावर, सगळे पितळी बिल्ले लखलखत होते. सोन्यासारखे. काकू हात पुसत उभ्या होत्या आणि त्यांची बोटं चिंचेनं पांढरी पडली होती.

"पहाटे उठान घासलंय," त्या म्हणाल्या. "चिंच-मीठ लावन. एक मेलो खूपच काळो होतो, तेका तारेची घासणी मारलंय, तेवा खंय उजळलो. इतकी वर्षां कोपऱ्यात पडली हत बिचारी. ही पण हत्यारांचीच पोरां ना? आणि पावणो येतलो, तेका काय काळी काळी दाखवतलास?"

काकांच्या हातात झेंडूची पिशवी तशीच होती. त्यांनी वाकून तो एक बिल्ला उचलला आणि उलटा केला. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. पाठ गुळगुळीत होती, आरशासारखी. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. लग्नापासूनचा रुसवा त्यांनी त्या पहाटे चिंचेच्या पाण्यात सोडून दिला होता आणि आता नवरा काय म्हणतो याची वाट बघत होत्या.

"झकास," काका म्हणाले. "एकदम झकास. आता दिसतायत." मग त्यांनी बिल्ला पानावर ठेवला, त्यावर एक झेंडू ठेवला, पूजा केली, आरती म्हटली. सोनं वाटताना काकूंच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि काकू त्यांच्या पाया पडल्या. सगळं झाल्यावर ते गॅलरीत गेले आणि कानांत कापूस घालून बसले. फटाके नव्हते, कुकरही नव्हता.

मी मागोमाग गेलो. "काका, ते नाव."

"होतं," ते म्हणाले. "गेलं. तिला बोलू नकोस."

"पण ते मुलुंडचे येणार आहेत. त्यांना फोन करून नको म्हणून सांगू?"

"आणि ती विचारेल, का नको, तर काय सांगू? तिनं साऱ्या मजल्याला सांगितलंय. येऊ दे त्यांना. मी बघतो."

पण बघणार काय, हे त्यांनाही माहीत नसावं. पुढच्या रविवारी मुलुंडचे गृहस्थ आले. उंच, शांत, अतिशय सभ्य माणूस. काकूंनी नवी साडी नेसली होती. पाहुणे बसतात न बसतात तोच त्या आतून चांदीच्या ताटलीत लाल कापडावर तोच बिल्ला घेऊन आल्या, टीपॉयवर मधोमध ठेवला आणि शिरा करायला आत गेल्या. काका आधी दुसरे दाखवतो वगैरे पुटपुटत होते, ते तसंच राहिलं.

त्या गृहस्थांनी बिल्ला उचलला. उलटा केला. खिडकीपाशी जाऊन तिरपा धरला, भिंग लावलं, दुसऱ्या बाजूनं धरला. मग भिंग खाली घेतलं.

"हे कोणी घासलं?"

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता पडदा होता. आत काकू रवा परतत होत्या, उलथनं खरडल्याचा आवाज येत होता. माझा धंदाच आवाजाचा. तो आवाज थांबलेला मला कळला.

"मी," काका म्हणाले. "दसरा होता. म्हटलं, जरा चकाचक करून टाकू."

"तुम्ही?" त्या गृहस्थांचा विश्वास बसेना. "अहो, इतके महिने तुम्हीच मला सांगताय, घासलं की माणूस गेला म्हणून. ह्याच्यासाठी तर मी आलो."

"हो. बुद्धी फिरली. दुसरं काय."

"आणि नुसतं चिंचेनं नाही हे."

"नाही. तारेची घासणी मारली."

त्या गृहस्थांनी भिंग खिशात ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बिल्ला जपून ताटलीत ठेवला आणि हळूच म्हणाले, "मी तुम्हाला जाणकार समजत होतो. एका माणसाचं नाव होतं हो ते. एवढंच उरलं होतं त्याचं."

"माझ्याच हातून गेलं," काका म्हणाले.

तेवढ्यात पडद्यामागून करपल्याचा वास आला. शिऱ्यासाठी थांबायला पाहुण्यांना वेळ नव्हता. काका त्यांना रिक्षात बसवून द्यायला खाली गेले. मी आत गेलो. काकूंनी गॅस बंद केला होता, आणि टोपात रव्याचा काळा थर धरला होता.

"तेच्या पाठीर नाव होता?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"कोणाचा?"

"तेच वाचायचं होतं, काकू."

त्या खाली बघत राहिल्या. "माका कोणी सांगूक कित्याक नाय?" मग त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आणि ह्यो माणूस त्या पावण्याक सांगता, मी घासलंय. जन्मात कप इसळूक नाय ह्येंनी."

काका वर आले तेव्हा मोरीत पाट ठेवलेला होता आणि पाटासमोर तो करपलेला टोप, राख आणि घासणी. काकू बाजूला उभ्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमी घासलास ना? मगे ह्यो टोप घासा."

"अगं, ते आपलं तोंडातून निघून गेलं."

"निघान गेला ना? आता ता खरा करा."

काकांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि पाटावर बसले. घासणी कशी धरतात तेही त्यांना ठाऊक नव्हतं. काळं सोडून ते भलतीकडेच घासत होते, राख नुसती उडत होती. काकू थोडा वेळ बघत राहिल्या. मग नवी साडी तशीच सावरून त्या मोरीच्या कठड्यावर, काकांच्या अगदी शेजारी बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. टोपात बोट घालून त्या दाखवत होत्या, "हय रवला. आता थय. जोर काढा." आणि त्या बोट ठेवतील तिथे काका घासत होते.